मिरजेत आपले स्वागत

संमेलनाध्यक्ष महोदया, मान्यवर आणि रात्रपाळी उरकून थेट गाडीत बसलेल्या परिचारिका भगिनींनो, बंधूंनो,

मी तंतुवाद्यांचा व्यापारी. वैद्यकातले मला औषधाच्या चिठ्ठीपलीकडे कळत नाही. तरीही शेवटच्या घडीला हृदय पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप करावा की नाही, आणि त्यात परिचारिकेचे मत कुठे, या चर्चेला मिरजेइतके योग्य गाव नाही. कोल्हापूरकरांनी रागावू नये.

१८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उघडले आणि गाव वैद्यकीय पंढरी झाले. पण त्याआधीची मिरज शिकलगारांची! हत्यारांना धार लावणाऱ्या या घराण्यातले फरीदसाहेब पटवर्धनांच्या संस्थानात सतारी-तंबोरे दुरुस्त करता करता घडवूच लागले. सतारीसाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडावा तर त्यांच्या वंशजांनीच. मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना सारे ओळखतात. फरीदसाहेब मात्र आमच्याच पोरांना ठाऊक नाहीत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सत्कारांच्या गर्दीत त्यांचे नाव किती जणांनी घेतले? असो, सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली आहे.

विषयाकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. उपचार थांबवायचे तर रुग्णालयाच्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. परिचारिका? खुर्चीच नाही. छातीवर पहिला दाब देणारे हात बहुधा तुमचे, ‘आता पुरे, सिस्टर’ हे पहाटे ऐकणारे कान तुमचे. परिचारिका अरुणा शानभाग यांच्या खटल्यात, २०११ साली, याच न्यायालयाने केईएम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे जवळचे मानले होते. मग मंडळातच अडचण कसली? मला अडाण्याला समजलेले नाही, ठरावात लिहा.

आता क्षमायाचना. मंगल कार्यालयात गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. गाद्या कमी पडल्याने काहींना सतरंजीवर झोपावे लागले. काल रात्रीच्या आमटीबद्दल आचाऱ्याला बोललो आहे. माईक मध्येच कुईं करतो, तो आमच्या दुकानातला नाही. मार्केट यार्डातले व्यापारी, औषध विक्रेते, मंडप फुकट देणारे कंत्राटदार, भडंगाची पोती पाठवणारे गृहस्थ, वीस कॉट देणारे शेजारी आणि नाव जाहीर करू नका असे तीनदा बजावणारे दाते, सर्वांचा मी ऋणी आहे. ज्यांचे नाव राहिले त्यांनी कृपया मला भेटावे, व्यासपीठावर येऊ नये.

जेवणाची कुपने डाव्या दारापाशी आहेत. हिरवी शाकाहारी, पिवळी उपवासाची.