काल जो नव्हता, त्याला सांग



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'वाचनाच्या तासातलं आकारिक मूल्यमापन'. तो वाचून दोघे जण पायरीवरूनच परत निघाले होते. त्यांना मी हाताला धरून आत आणलंय. (हशा) ते मागं बसलेत, बसू द्या. विषयाचं नाव सरकारी असलं तरी गोष्ट तुमच्या घरातली आहे. पोरगं धडा घडाघडा वाचतं. आपण कौतुकानं विचारतो, 'काय होतं रे धड्यात?' की ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतं. हे ज्यांच्या घरी झालेलं नाही त्यांनी हात वर करावा. एकही हात नाही. मग आपण बोलायला हरकत नाही.

समोर शिक्षक मंडळी आहेत. २० ऑगस्ट २०१०चा शासन निर्णय त्यांना तोंडपाठ आहे. त्यातली मूल्यमापनाची आठ साधनतंत्रं आणि गुणांचे भारांश सगळ्यांना माहीत आहेत: पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०, आणि वर चढत सातवी-आठवीला ४० आणि ६०. त्यात मी वेळ घालवत नाही. पालकांसाठी एवढंच सांगतो, की संकलित म्हणजे सत्र संपल्यावरची परीक्षा. आकारिक म्हणजे शिकवता शिकवता मूल कुठं अडलंय ते बघायचं आणि उद्याचा तास त्याप्रमाणं बदलायचा. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली मूल्यमापनातला हा फरक मांडला. लंडनच्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ साली सुमारे २५० अभ्यास तपासून दाखवलं, की हे नीट केलं तर मुलांचं शिकणं खरोखर सुधारतं, आणि मागं पडलेल्यांचं जास्त. निमगावच्या पानमळेवाल्यांना हे लंडनहून कळायची गरज नाही. तुम्ही रोज मळ्यात शिरून वेल बघता. मर रोग दिसला की त्याच दिवशी पाण्याकडं, निचऱ्याकडं बघता. पानं बाजारात गेल्यावर कळून काय उपयोग?

आमच्याकडं शाळेत काय झालं ते सांगतो, आणि माझ्यापासून सांगतो. प्रत्येक मुलाबद्दल लिहायच्या वर्णनात्मक नोंदी तयार मिळायला लागल्या, पुस्तकात मिळायला लागल्या, नंतर मोबाइलवर आल्या. 'आशय समजून वाचतो' ही एकच ओळ एका संध्याकाळी मी एकवीस मुलांच्या नावापुढं लिहिलेली आहे. त्यांतल्या किती जणांना आशय समजला होता, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती नोंदवही तपासून गेली, शेराही चांगला मिळाला. मला मात्र त्या एकवीस ओळी अजून टोचतात.

त्यानंतर मी जे करायला लागलो ते आज सांगायला आलोय. माझं म्हणणं एकच आहे. सारांश हा जो तिथं नव्हता त्याच्यासाठी असतो. गुरुजींनी धडा वाचलेला असतो आणि मुलाला ते माहीत असतं. मग ते गुरुजींना कशाला सांगेल? ते आपलं वाक्यं उचलून देतं. त्याच मुलाला काल गैरहजर असलेल्या सोबत्यासमोर बसवा आणि तुम्ही बाजूला बसून ऐका. मूल्यमापन म्हणतात ते तिथं होतं.

एक तास जवळून दाखवतो. इंदापूर तालुक्यातलीच वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा, तिसरीचा वर्ग. भोपळ्यात बसून येणाऱ्या म्हातारीची गोष्ट घेतली होती. ती सगळ्यांना येते, म्हणूनच घेतली. एका मुलाला म्हटलं, थोडक्यात सांग. तो म्हणाला, "म्हातारी जंगलातनं चालली. वाघ भेटला. कोल्हा भेटला. मग ती भोपळ्यात बसून आली, आन् वाचली." चार-पाच वाक्यांत झालं. परीक्षेत याला पैकीच्या पैकी मिळाले असते. पण आदल्या दिवशी न आलेली एक मुलगी समोर होती, ती म्हणाली, "आरं, पण भोपळा कुठनं आला?"

त्यानं लेकीचं घर गाळलं होतं. का गाळलं, हे त्याला विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं: "तिथं वाघ नव्हता, गुर्जी."

मंडळी, त्या एका उत्तरात मला त्या मुलाचं सगळं वाचन दिसलं. त्याला वाचता येत होतं, आठवतही होतं. फक्त जे भीतीचं, गमतीचं, तेच महत्त्वाचं अशी त्याची समजूत होती. लेकीच्या घरी काहीच घडत नाही, म्हातारी नुसती खाते-पिते, असं त्याला वाटलं. आता त्याला 'महत्त्वाचे मुद्दे शोध' असं शंभरदा सांगून काय झालं असतं? त्यानं शंभरदा वाघच शोधला असता. दुसऱ्या दिवशी मी गोष्टीतले सात प्रसंग सात चिठ्ठ्यांवर लिहिले आणि जमिनीवर ओळीनं मांडले. म्हटलं, एकेक चिठ्ठी उचला आणि गोष्ट उभी राहते का बघा. कोल्हा उचलला, गोष्ट चालली. वाघ उचलून कोल्हा परत ठेवला, तरी चालली. लेकीचं घर उचललं आणि तोच मुलगा ओरडला, "पडली!" काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा नियम त्या पोरांना मी सांगितलेला नाही. तो त्यांना जमिनीवर सापडला.

आता मध्यवर्ती कल्पना. इथं आपली जुनी सवय आडवी येते. इसापच्या गोष्टींनी आपल्याला तात्पर्य शिकवलं. ते चांगलंच आहे, पण कुठलाही धडा संपला की मुलं एका सुरात तात्पर्य म्हणतात. गोष्ट कशाबद्दल आहे विचारल्यावर वर्गानं सांगितलं, "शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ." मागच्या रांगेतली एक मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "लेकीकडं गेल्यावर म्हातारी जाड झाली." वर्ग हसला. आता तुम्हीही हसलात. मी तिला म्हटलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "घरी तिला कोण करून घालत नसंल."

वर्ग गप्प झाला. मी तिला विचारलं, हे गोष्टीत कुठं आहे ते दाखव. तिनं दाखवलं: जाताना म्हातारी हाडकुळी आहे, येताना गुबगुबीत आहे आणि एवढ्या जंगलातून, वाघाच्या तोंडातून, ती जातेय ती लेकीकडंच. युक्तीवाल्यांनीही आपलं दाखवलं. दोघांचंही गोष्टीत होतं. तात्पर्य आपण कसं वागावं ते सांगतं. मध्यवर्ती कल्पना म्हणजे गोष्ट ज्याच्याभोवती फिरते ते, आणि ते ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'कुठं आहे ते दाखव' हा प्रश्न ज्या वर्गात रोज विचारला जातो, तिथं गाईडची गरज उरत नाही.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं, असं मला विचारतात. खरं सांगायचं तर ते मला याच गावात मिळालं. निमगाव माझं आजोळ. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी इकडून जायची, त्या रात्री कीर्तन असायचं. माझे आजोबा जुने वारकरी, पण अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. पडवीत बाज टाकलेली असायची. आजीला अक्षर येत नव्हतं. ती कीर्तनाला जायची आणि रात्री उशिरा येऊन बाजेच्या पायथ्याशी बसायची. आजोबा विचारायचे, "कुठला अभंग घेतला?" ती सांगायची. मग, "काय सांगितलं बुवांनी?" दोन तासांचं कीर्तन ती चुलीवरचं दूध तापेपर्यंत सांगायची. अभंगाचा अर्थ ती सांगत नसे, कारण आजोबांना अभंग पाठ होते. बुवांनी नवा दृष्टांत कुठला दिला आणि तो कुठल्या चरणाला लावला, तेवढंच सांगायची. आजोबा डोळे मिटून 'हं' म्हणायचे. मधेच डोळे उघडून विचारायचे, "लोक एवढे हसले कशाला? इथवर ऐकू आलं." मग ती तेही सांगायची.

दूध उतरवायला ती आत गेली की माझी आई तिथं असायची. दिवसभर दिंडीच्या भाकरी थापून ती दमलेली, कीर्तनाला जाऊच शकलेली नसायची. तीही विचारायची, "काय सांगितलं?" आणि आजी तिला वेगळंच सांगायची! तिला अभंगापासून सांगायची, अर्थ लावून सांगायची, दृष्टांत चार शब्दांत उरकायची. मी गोधडीत जागा असायचो. मला वाटायचं, आजी दोघांपैकी एकाशी खोटं बोलतेय. एक कीर्तन, मग दोन गोष्टी कशा?

पुढं पंचवीस वर्षांनी वर्गात बसून ऐकताना मला उमगलं, की दोन्ही खरे सारांश होते. ऐकणारा वेगळा होता. त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे आजी आधी ओळखायची आणि मग गाळायची. दहावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहायला असतो. मुलं पेन्सिलनं शब्द मोजतात. परीक्षेला काहीतरी माप लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला माप आधी शिकवलं आणि माणूस शिकवलाच नाही, तर ते मोजायलाच शिकेल.

(अध्यक्षांनी चिठ्ठी दिली.) वीस मिनिटं राहिली म्हणतात. आजीतच माझा वेळ गेला, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळलं नसतं.

आता आपल्या वर्गात अर्थावर किती बोललं जातं ते बघू. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरला कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत अभ्यास झाला. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. अक्षरं, शब्द, उतरवून घेणं यांवर वर्गात भरपूर वेळ जातो, अर्थावर बोलणं फार थोडं होतं, हे त्यांनी वर्गात बसून नोंदवलं. मी एवढंच म्हणेन, की अर्थावर बोलायला ऐकणारं माणूस लागतं, आणि ते आपल्या वर्गात रोज असतं. आपल्या भागात तर नक्कीच. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं मधूनच वर्गात येऊन बसतात.

असाच एक डिसेंबर. बीड जिल्ह्यातून आलेल्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी माझ्या वर्गात बसायला लागली. आमचे तीन धडे पुढं गेलेले. दोन मुलांना म्हटलं, हिला मागचा धडा सांगा. पहिल्यानं पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. दुसऱ्यानं ते बघितलं, पुस्तक मिटवलं आणि हातवारे करत सांगायला लागला. ती वळली. सांगता सांगता तिनं तीनदा "का?" विचारलं. मी एका कागदावर ती तीन ठिकाणं लिहून घेतली. तिनं का विचारलं, तिथं सांगणाऱ्यानं कारण गाळलं होतं. दुसऱ्या दिवशीचा माझा तास त्या तीन ठिकाणांवर झाला. मंडळी, तो कागद म्हणजे माझी आकारिक नोंद. त्यावर 'आशय समजतो' असं कुठंही नव्हतं. कुणाला कुठं 'का' तुटतो, ते होतं. आणि ती मुलगी, जिच्याकडं सगळे मागं राहिलेली म्हणून बघत होते, त्या दिवशी वर्गात सगळ्यांत गरजेची ठरली. तिला चांगलं सांगता यावं म्हणून मुलं घरून धडा वाचून यायला लागली.

बोला गुरुजी. … ते विचारतात, दोन वर्ग एकाकडं, वरून ऑनलाइन माहिती भरायची, एकेकाचं ऐकत कधी बसायचं? गुरुजी, हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. माझ्याकडंही दोन वर्ग होते. मी सगळ्यांचं एका दिवशी ऐकत नव्हतो. रोज चौघांचं ऐकायचं. अठ्ठावीस पट असेल तर सात दिवसांत फेरा पूर्ण होतो. बाकीची मुलं त्या वेळी जोडीनं एकमेकांना सांगत असतात. गोंगाट होतो, तो होऊ द्या. आणि चौघांच्या चार ओळी लिहा, पण त्या त्याच मुलाच्या असू द्या. माझ्या एकवीस ओळींपेक्षा त्या चार जास्त कामाच्या आहेत. कामाचा बोजा तुमच्या अंगावर आहे हे मला दिसतं. तो कमी व्हावा म्हणून मी तुमच्या बाजूनं कुठंही येऊन बोलेन. पण मुलाचं ऐकणं हे त्या बोजात मोजू नका. त्यासाठीच तर आपण शाळेत येतो.

मागं लोक उठायला लागलेत. दहाला थ्री-फेज येणार, कुणाचं भरणं असेल, कुणाला मोटार सुरू करायची असेल. उठा, ऊस थांबत नाही. पालकांसाठी एकच सांगायचं राहिलंय. घरी 'धडा वाच' म्हणण्याऐवजी, जो दिवसभर रानात होता त्यानं संध्याकाळी मुलाशेजारी बसावं आणि विचारावं, आज शाळेत काय झालं ते मला सांग. मी नव्हतो. मधे कळलं नाही तर 'का' म्हणावं. चूक काढू नये. वाचता येत नसलं तरी चालतं, माझ्या आजीला येत नव्हतं.

पुढं सतरंजीवर बसलेल्या मुलांनो, तुम्ही थांबा जरा. उद्या सकाळी अकरा वाजता मी तुमच्या शाळेत येणार आहे, बाईंना विचारलंय. तुम्हाला मी काही विचारणार नाही. तुमच्या वर्गातली जी मुलं आज इथं आली नाहीत, ती उद्या माझ्यासमोर बसतील, आणि मी आज काय बोललो ते मी त्यांच्याकडून ऐकणार आहे. शाळा भरायच्या आत त्यांना गाठा.