वांग्याची गाय



जपानला शिकून आलेल्या मुलीला आपल्याकडे काही ठरलेले प्रश्न विचारतात. गाडी खरंच मिनिटाला मिनिट धरून येते का? शाळेतली मुलं स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात का? रस्त्यात पडलेलं पाकीट परत मिळतं का? गाडी वेळेवर येते, मुलं वर्ग झाडतात, पाकीटही बहुतेक वेळा मिळतं. पण हे सगळं वर्तमानपत्रात अनेकदा छापून आलं आहे, म्हणून आज मी त्यावर बोलणार नाही. मला बोलायचं आहे वांग्याबद्दल. मी जळगावजवळच्या असोद्याची आहे. आणि जपानमधल्या माणसांच्या घरात मला पाऊल टाकता आलं, ते वांग्याच्या आधारानं.

असोदा म्हटलं की कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर, हे सांगायला नको. १८८० साली त्या आमच्या गावात जन्मल्या. लग्न होऊन जळगावला गेल्या, आणि अक्षराची ओळख त्यांना आयुष्यभर झाली नाही. त्या वीस वर्षांच्या होत्या तेव्हा, १९०१ साली, टोकियोत जिन्झो नारुसे या गृहस्थांनी मुलींसाठी महाविद्यालय काढलं होतं. आज ते जपान महिला विद्यापीठ म्हणून चालतं. त्याची माहितीपुस्तिका पुण्यात महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आलं, तेव्हा ती योजना त्यांनी सभेपुढे मांडली. पुढच्याच वर्षी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. तेच आजचं एसएनडीटी. कर्व्यांनी स्वतः टोकियो पाहिलं ते बऱ्याच उशिरा. त्या प्रवासावरून ते परतले १९३० च्या एप्रिलमध्ये. तोवर जपानचं ते बी इथे रुजून चौदा वर्षं झाली होती. एका पुस्तिकेनं एवढं केलं. आपल्या मुली आज प्रत्यक्ष तिथे जाऊन शिकतात, याचं मला म्हणूनच फार मोल वाटतं.

भाषा मी पुण्यात शिकले. जपानी भाषेच्या बाबतीत पुणं हे आपल्याकडचं मोठं केंद्र आहे. भाषेनं कुठवर जाता येतं पाहा: मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक आधी विद्यार्थी म्हणून जपानला गेले, मग तिथलेच नागरिक झाले आणि २०१९ साली टोकियोतल्या एदोगावा भागातून स्थानिक सभेवर निवडून आले. भाषा आली नसती तर ते घडलं नसतं. ही भाषा अवघड आहे, असं सांगून मुलांना घाबरवतात. चिनी चित्राक्षरं अवघड आहेत, हे कबूल. रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेल्या यादीतच २,१३६ आहेत. पण वाक्यरचनेत मराठी मुलाला बरंचसं आयतं मिळतं. क्रियापद शेवटी येतं, आपले विभक्तीप्रत्यय लागतात तसेच तिथेही शब्दाला मागून लागतात. आणि त्यांची अक्षरमाला मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटली तेव्हा थांबलेच. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेवरून बसवला. कोया डोंगरावर कूकाई या आचार्यांनी नवव्या शतकात मठ उभारला. तिथल्या दफनभूमीत जुन्या देवदारांखाली दगडी स्तंभ आहेत, आणि पुष्कळ स्तंभांवर खालून वर अ, व, र, ह, ख ही सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं कोरलेली दिसतात. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, आकाश. त्याच डोंगरावरच्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. तिथे उभं राहिल्यावर आपण परमुलखात आहोत, हे मला काही वेळ खरंच वाटेना.

आता वांग्याकडे येते. माझ्यासारख्या शाकाहारी मुलीचे पहिले आठवडे जड गेले. सूप असो, भाजीचा रस्सा असो, बहुतेक पदार्थांच्या मुळाशी सुकवलेल्या माशाचं पाणी असतं. मी सायतामा भागात एका शेतकरी कुटुंबाकडे सुटीत राहायला जायचे. त्या घरच्या आजींनी एकदा लांबट वांगी जाळावर ठेवली. साल काळी पडून तडकली, आणि स्वयंपाकघरात जो वास पसरला तो आमच्या मळ्यातला होता. त्यांनी साल सोलली, किसलेलं आलं आणि सोयासॉस घातला. वरून माशाचा कीस भुरभुरायचा असतो, तो माझ्या ताटात त्यांनी घातला नाही. मग मी त्यांना असोद्याचं भरीत सांगितलं. आमचं वांगं हिरवट पांढरं, मोठं, बिया कमी. ते कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, लाकडी मुसळीनं ठेचायचं, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे; सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. आजी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेत होत्या. चातुर्मासात वांगं वर्ज्य करून चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग खातात, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, मग तुमच्याकडेही वांग्याला मान आहे म्हणायचा.

मान कसला, ते मला पुढे कळत गेलं. नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात काय दिसलं तर शुभ, याची जपानमध्ये एक जुनी उतरंड आहे. पहिला फुजी पर्वत, दुसरा ससाणा, तिसरं वांगं! फुजीच्या पायथ्याच्या सुरुगा प्रांतातलं हंगामाआधीचं वांगं एके काळी फार महाग असे, म्हणून ते या मानाच्या पंगतीत बसलं, असं सांगतात. दुसरी एक म्हण आहे की शरदातलं वांगं सुनेला खाऊ घालू नये. कोणी म्हणतं, ते इतकं चविष्ट असतं की सासू ते सुनेला देववत नाही. कोणी म्हणतं, वांगं थंड पडतं, मूलबाळ व्हायच्या सुनेला ते बाधू नये, ही त्यामागची काळजी. आमच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना पहिला अर्थ कोणत्या घरातला आणि दुसरा कोणत्या, ते सांगावं लागणार नाही. क्योतोचं गोल कामो वांगं, ओसाकाकडचं कच्चं खाता येणारं पाणीदार वांगं, प्रत्येक मुलखाचं वाण तिथे नावानं ओळखतात आणि नावानं विकतात. आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे मी तिथे अभिमानानं सांगू शकले, कारण मला ते माहीत होतं. माहीत नसतं, तर बाजारातली ती नावांची पाटी वाचून मी पुढे गेले असते.

ऑगस्टच्या मध्याला ओबोन येतो. पूर्वज घरी येतात, असं मानण्याचे हे दिवस. शहरं रिकामी होतात, गाड्या भरून वाहतात, जो तो आपल्या गावी निघतो. तेराव्या तारखेला संध्याकाळी दारात तागाच्या काड्या पेटवतात, येणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून. देव्हाऱ्यापुढे काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार चार पाय टोचून ठेवतात. काकडीचा घोडा, वांग्याची गाय. पितरांनी यावं ते घोड्यावर बसून, लवकर. जावं मात्र गाईवर, सावकाश, दिलेला शिधा तिच्या पाठीवर लादून. सायतामाच्या त्या घरात गाईचे पाय टोचायचं काम आजींनी माझ्याकडे दिलं. मला त्या क्षणी आमची आखाजी आठवली. अक्षय्य तृतीयेला आम्ही पितरांच्या नावानं नवी घागर भरतो, आमरस-पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर टाकतो, आणि त्याच दिवसांत सासरच्या मुली माहेरी येऊन लिंबाला झोके बांधतात. गेलेली माणसं आणि दूर दिलेल्या मुली एकाच वेळी घरी येतात, असा हा खान्देशचा सण. मी तो आजींना सांगितला. त्यांनी विचारलं, घागर कोण भरतं? त्यात पाणीच का? झोक्यावर काय गातात? काहींची उत्तरं मला आली. बाकीची मी फोनवरून माझ्या आजीला विचारून सांगितली. दोन म्हाताऱ्या, मध्ये मी दुभाषी, आणि विषय पितरांच्या पाहुणचाराचा. माझ्या शिक्षणातला तो सर्वांत मोठा तास होता, असं मी मनापासून मानते.

म्हणूनच जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना मी आधी गावाबद्दल विचारते. तुमच्या शिवारात काय पिकतं, सण कसा करतात, कोणत्या देवाला काय चालतं, हे ठाऊक असेल तर तिकडच्या माणसाला विचारायला तुमच्याजवळ प्रश्न असतील. नाहीतर फोटो पुष्कळ निघतात, बोलणं होत नाही.

हे जपानी अभ्यासकांनी आपल्याला उलट बाजूनं दाखवलं आहे. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी या इतिहासकारांनी मराठी कागदपत्रं वाचून आपल्या गावगाड्याचा, वतनांचा, बलुत्यांचा अभ्यास केला. पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क आणि गावची हद्द यांवर त्यांनी जपानमधून येऊन लिहिलं, तेव्हा जळगाव-धुळ्याच्या मुलीनं तिकडच्या एखाद्या खेड्यावर लिहायला काय हरकत आहे?

वाट मोकळी आहे. जपान सरकारची मॉनबुकागाकुशो शिष्यवृत्ती पदवीसाठीही असते आणि संशोधनासाठीही. भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा होते, जुलैत आणि डिसेंबरमध्ये. सोप्या एन-५ पासून अवघड एन-१ पर्यंत तिच्या पाच पायऱ्या आहेत, आणि पुण्यात ती देता येते. विद्यार्थ्याला परवाना घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. पण त्या पैशावर सगळा खर्च निघेल, असं गृहीत धरून कोणी निघू नये. अडतं ते सुरुवातीला. पुण्यात खोली घेऊन भाषा शिकणं प्रत्येक घराला परवडत नाही. जपानी शिकवणारे चांगले वर्ग आमच्या जळगावात, धुळ्यात, भुसावळात वाढायला हवेत, आणि कॉलेजांनी ते मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर पहिल्या सेहेचाळीस अक्षरांसाठी कुणाची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुटीत ती घरबसल्या गिरवून होतात.