वाचा गेली, बुद्धी नव्हे



पक्षाघाताने रुग्णाची वाचा गेली की बुद्धीही गेली, असा समज घरोघरी आढळतो. तो चुकीचा आहे. भाषेचे केंद्र बहुधा मेंदूच्या डाव्या भागात असते, हे फ्रान्समधील पॉल ब्रोका यांनी १८६५ साली मांडले. त्यास इजा झाल्यास शब्द हरपतात. माणसांची ओळख व मानापमानाची जाणीव मात्र पुष्कळदा शाबूत राहते.

रुग्णालयातील वाचा-उपचारतज्ज्ञ प्रथम रुग्णास पाण्याचा घोट नीट गिळता येतो का, हे पाहतात. कारण पाणी श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसदाह संभवतो. मग चित्रे, खुणा व अंकमोजणी यांच्या साह्याने शब्दांचा माग काढतात. हे उपचार रुग्णाच्या घरच्या भाषेतूनही व्हावयास हवेत.

आप्तांनी एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तराची वाट पाहावी, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याच्यादेखत बोलताना तो ऐकतो आहे, याचे भान ठेवावे.