विश्रांतीचे आठ तास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून झोपेविषयी बोलायचे म्हणजे धाडसाचेच काम आहे. दिवसभराचे ऊन, वर मोकळे आकाश आणि सायंकाळचा वारा. वक्त्याने विषय काढण्यापूर्वीच काही श्रोते त्याची प्रात्यक्षिके करून दाखवू लागतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. व्याख्यानात डुलकी घेण्याची परंपराही तितकीच जुनी असावी. आज कोणाला डुलकी लागली तर आम्ही राग मानणार नाही. मात्र घरी गेल्यावर त्यांनी एवढा विचार करावा, की दोष आमच्या भाषणाचा होता की त्यांच्या रात्रीचा?

आम्ही तीस वर्षे कामगारांत वावरलो. शाळा फारशी झाली नाही. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून वाचले. आमच्या चळवळीचा सारा इतिहास, एका अर्थाने, विश्रांतीचाच इतिहास आहे. १८५६ साली मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम थांबवून मोर्चा काढला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांची ठेवली. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती ही जुनी घोषणा आम्ही शेकडो सभांतून दिली. पण त्या विश्रांतीच्या आठ तासांच्या आत काय घडते, हे कोणी विचारले नाही. ते तास मिळाले म्हणजे विश्रांती मिळाली, असे मालकांनीही धरले आणि पुढाऱ्यांनीही धरले.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातील बॉयलरवरच्या कामगाराची चौकशी चालली होती. कामावर झोपला, हा आरोप, तोही तिसऱ्यांदा. त्याच्या बाजूने आम्ही उभे होतो. गडी दारू पिणारा नव्हता, दुसरीकडे जोडधंदा करणाराही नव्हता. नऊ वाजता निजे, पाचला उठे. कारखान्याचे अधिकारी म्हणत, आठ तास झोपूनही ज्याचे डोळे मिटतात तो आळशीच असला पाहिजे. या तर्काला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते मिळाले त्याच्या घरी, चहाच्या वेळी. त्याची बायको म्हणाली, “भाऊ, रातच्याला यांचा दमच थांबतो. मी हलविते, मंग चालू होतो. मला काय झोप हाये का?”

एवढ्या दोन वाक्यांत तिने रोगाचे निदान केले होते. झोपेत श्वास अडण्याचा हा विकार. डॉक्टर लोक त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तो कसा होतो हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला तरी वेगळे शिकवायला नको. विहिरीवरच्या मोटारीला नरम रबरी पाइप सक्शनला लावला तर काय होते? मोटार पाणी ओढू लागली की पाइप आतल्या आत चपटा होतो आणि पाणी बंद पडते. आपला घसा हाही तसाच नरम पाइप आहे. जागेपणी त्याचे स्नायू त्याला ताठ ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरते, आणि श्वास आत ओढताना घसा मिटतो. अर्धवट मिटला तर माणूस घोरतो, पुरता मिटला तर श्वास थांबतो. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मग मेंदू घाबरून झोप मोडतो, घसा उघडतो, माणूस एक मोठा घुसमटलेला श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही.

दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ श्वास थांबला किंवा बराच मंदावला, की तो एक अडथळा मोजतात. तासाला पाचांपर्यंत अडथळे चालण्यासारखे. पंधरांच्या पुढे विकार मध्यम, तिसांच्या पुढे तीव्र. आता हिशेब करा. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. कारखान्यात दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवून कामगाराला उठवले, आणि सकाळी त्याला म्हटले की तुझी विश्रांती झाली, तर आम्ही संप पुकारला असता!

आपल्याकडे घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणण्याची रीत आहे. जो मोठ्याने घोरतो तो गाढ झोपतो, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली, आणि ती पुष्कळदा उलटी असते. प्रत्येक घोरणारा रोगी नसतो, हे खरे; पण घोरणे मध्येच थांबते, क्षणभर शांतता होते आणि मग माणूस दचकून श्वास घेतो, तेथे सावध व्हावे. हा विकार केवळ लठ्ठ पुरुषांचा आहे ही दुसरी समजूत. जबड्याची ठेवण लहान असली तर सडपातळ माणसालाही तो होतो. बायकांना होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. पण बाई घोरते हे सांगायला घरची माणसे लाजतात, आणि तिच्या थकव्याला घरकाम म्हणतात.

त्या चौकशीच्या निमित्ताने लक्षणांची यादी आमच्या हाती आली. सकाळची डोकेदुखी, रात्री लघवीस उठणे, चढलेला रक्तदाब, दिवसा डोळे मिटणे. ती यादी आमच्या घरात वाचली गेली तेव्हा आमची सौभाग्यवती नुसती आमच्याकडे पाहत राहिली. एक रात्र अंगाला तारा लावून तपासणी झाली. तासाला अडतीस अडथळे निघाले.

उपाय म्हणून जे यंत्र मिळते त्याला सीपॅप म्हणतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरने १९८० साली ते प्रथम एका रोग्यावर वापरले आणि १९८१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. युक्ती साधी आहे. सक्शनचा पाइप चपटा होतो, पण डिलिव्हरीचा पाइप आतल्या दाबाने फुगून उघडा राहतो. यंत्र खोलीतलीच हवा किंचित दाबाने नाकात सोडते आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजतात. साधारण चार ते वीस. यात औषध नाही, प्राणवायूची टाकी नाही, आणि विकार बराही होत नाही. चष्म्याने डोळे बरे होतात का? तसेच हे. लावले त्या रात्री काम करते, काढले की पहिले पाढे पंचावन्न.

सांगायला साधे, पण लावून झोपणे साधे नाही. नाकावर मास्क, डोक्याला पट्टे आणि समोर लोंबणारी नळी. आमचा नातू पहिल्याच रात्री ओरडला, “आजोबा गणपती झाले!” श्वास आत घेताना हवा आपण होऊन येते, पण बाहेर सोडताना वाऱ्याला तोंड देऊन ढकलावे लागते. गुदमरल्यासारखे वाटते. सकाळी उठून पाहावे तो मास्क उशीपाशी पडलेला. झोपेत कोणत्या हाताने काढला, आठवत नाही. तोंड उघडे राहिले की हवा तोंडावाटे निघून जाते आणि जीभ लाकडासारखी होते. पोटात हवा जाऊन पोट फुगते. त्यातून आमची मिशी! मिशीच्या केसांतून हवा फुसफुसत राही. मालकांशी आम्ही पुष्कळ तडजोडी केल्या, पण मिशीवर तडजोड करण्याची वेळ प्रथमच आली. ती निम्मी झाली.

या गोष्टींवर इलाज आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत, कारण पुष्कळ लोक पहिल्या पंधरवड्यातच यंत्र कपाटात ठेवतात. दिवसा जागेपणी मास्क लावून अर्धा तास वर्तमानपत्र वाचत बसावे; भीती मोडते. सुरुवातीला दाब कमी ठेवून हळूहळू चढवण्याची सोय यंत्रात असते. घशाला कोरड पडते म्हणून पाण्याची डबी जोडता येते. तीत शुद्ध केलेले पाणी घालावे, बोअरचे नव्हे, नाहीतर क्षार बसतात. मास्क एकाच मापाचा नसतो; पायाला न बसणारी चप्पल आपण बदलतो, तसा तोही बदलून मागावा. आणि यंत्रालाही आंधळेपणाने देव मानू नये. एका जगप्रसिद्ध कंपनीने २०२१ च्या जून महिन्यात आपली अशी लाखो यंत्रे परत मागवली. आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता.

श्वास आणि झोप यांचे भांडण या गावाला नवे नाही. १९४२ ते १९४५ या काळात आपल्या भुईकोट किल्ल्यात नेहरूंबरोबर आचार्य नरेंद्र देव बंदीत होते. त्यांना दम्याचा जुना विकार होता. दमा वेगळा आणि हा विकार वेगळा. पण दम लागलेल्या माणसाची रात्र किती लांब असते हे त्या भिंतींनी पाहिले आहे.

असो. दोन आठवड्यांत मास्क चेहऱ्याला मानवला. यंत्र आपल्या पोटात हिशेब ठेवते. तो डॉक्टरांनी वाचला. अडतिसांचे तीन झाले होते. डॉक्टर खूष झाले. आम्ही मात्र त्यांच्यासमोरच्या खुर्चीत पेंगत होतो! आकडे बरे झाले होते, माणूस व्हायचा होता. उत्पादनाचे आकडे दाखवून कामगार सुखी आहे असे सांगणारे अहवाल आम्ही आयुष्यभर वाचले आहेत, त्यामुळे या अवस्थेचे आम्हांला नवल वाटले नाही. पण वाईट वाटले. कोणाला पहिल्या सकाळीच डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटते. कोणाला आठवडे लागतात, कोणाला महिने. आम्ही रोज सकाळी उठून अंगाला विचारायचो, आज कसे? आणि अंग म्हणायचे, कालच्यासारखेच.

हे का होते? वर्षानुवर्षे तुटलेल्या झोपेची थकबाकी एका पगारात फिटत नाही, हे एक. दुसरे, यंत्र किती तास लावले याला फार महत्त्व आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की दिवसा पेंग येते ही तक्रार चार तासांच्या वापराने पुष्कळांची कमी होते, प्रत्यक्ष मोजलेली झोपाळूपणा सहा तासांनी, आणि रोजचे व्यवहार सुधारायला साडेसात तास लागतात. आणि एवढे करूनही काहींची पेंग जात नाही. त्यांनी डॉक्टरांकडून रक्त, औषधे, मनाची उदासी, सारेच पुन्हा तपासून घ्यावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत भारतातील रोगीही होते. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या सत्तावीसशे रोग्यांत या यंत्राने झटके कमी झाल्याचे दिसले नाही. त्यांचा सरासरी वापर रात्री तीन तासांच्या थोडा वरच होता. पण पेंग कमी झाली, मन हलके झाले. म्हणून यंत्र विकणारा हृदयाची हमी देऊ लागला तर त्याला हे विचारावे.

आमच्या बाबतीत तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट घडली. श्रीरामपूरची बैठक आटोपून एस.टी.ने येत होतो. राहुरी मागे पडल्यावर पुढचा रस्ता आम्हांला कित्येक वर्षे दिसलाच नव्हता. डोळे उघडत ते नगरच्या स्टँडवर. त्या दिवशी विळद घाट आला आणि आम्ही जागे होतो. रस्त्याकडेच्या टपऱ्या मोजत आलो. आज सात महिने झाले. विश्रांती पुष्कळ मिळाली आहे. पुरी मिळाली असे म्हणणार नाही. बैठक लांबली की दुपारी अजून जड वाटते.

पण एस.टी.त आम्ही झोपलो तर आमचा स्टँड चुकेल. चालकाला डुलकी लागली तर? महाराष्ट्रातील पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून आपल्या नगरला आली. त्याच रस्त्यावर आज रात्रभर ट्रक, टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर धावतात. आम्ही चालकांना खासगीत विचारतो, घोरता का? ते हसतात. तपासणी करा म्हटले की हसू मावळते. निदान झाले तर गाडी काढून घेतील, ही धास्ती. ती खोटी नाही. पुण्याच्या एका कारखान्यात १९८३ साली पाळीत झोपलेल्या कामगाराची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कायम केली. त्याच्यावर पूर्वीचेही ठपके होते. त्याला हा विकार होता असे म्हणायला कसलाही आधार नाही. पण हा निकाल प्रत्येक चौकशीत आमच्यापुढे ठेवला जातो, हे खरे.

म्हणून आमची मागणी आहे, की झोपेच्या आरोपपत्राआधी झोपेची तपासणी व्हावी, खर्च मालकाने द्यावा, आणि निदान झालेला चालक किंवा बॉयलरवाला उपचार घेत असेल तर त्याची नोकरी जाऊ नये. त्याच्या यंत्राचा वापराचा हिशेब कंपनीने पाहावा का, यावर आमच्यातच मतभेद आहेत. रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा चालकाच्या बाबतीत तो पाहू द्यावा, असे आमचे मत. मात्र पाहणारा डॉक्टर असावा, पर्यवेक्षक नव्हे. त्या बॉयलरवाल्याला ताकीद देऊन कामावर घेतले. यंत्रासाठी त्याने पतपेढीचे कर्ज काढले.

कंत्राटी कामगाराच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी यंत्राची किंमत. तीही त्यातले त्यात साध्या यंत्राची. दर दसऱ्यानंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. पालात, कोपीत राहतात, पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. त्यांच्यातही घोरणारे, दम थांबणारे असणारच. कुशीवर निजावे, वजन उतरवावे, दारू सोडावी, एवढे त्यांना सांगता येते. पण जेथे दिव्यालाच वीज नाही तेथे हे यंत्र कशावर चालवायचे? याचे उत्तर आमच्यापाशी तयार नाही. सभेत डॉक्टर मंडळी बसलेली दिसतात, विजेच्या खात्यातलेही कोणी असतील. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे. त्यांनी आम्हांला सांगावे.