चाचणी-यंत्रे, संगणक आणि आपण
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



संगणक म्हटला की आरक्षणाची खिडकी किंवा पोस्टाचे काउंटर डोळ्यांसमोर येते. परंतु जिथे तो गाजावाजा न करता शिरला, त्या टेस्ट-रूमविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

सिग्नलचा रिले घ्या. तो किती व्होल्टला ओढतो, कितीला सोडतो, कॉइलचा रेझिस्टन्स किती, हे कर्मचाऱ्याने मीटरवर वाचायचे आणि रजिस्टरात लिहायचे, ही जुनी पद्धत. आता मीटरच संगणकाला जोडता येतो. ही जोडणी करणारे साधन म्हणजे इंटरफेस. पोस्टातला इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला जोडला की वजन हाताने टाइप करावे लागत नाही, तशातलाच हा प्रकार.

हे साधन नवे नाही. ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने 1960च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मापनयंत्रांसाठी ते तयार केले. 1975 साली 'आयट्रिपलई-488' या नावाने त्याचे मानक ठरले. व्यवहारात त्याला जीपीआयबी म्हणतात. संगणकात एक कार्ड, 24 पिनांचा कनेक्टर आणि जाड केबल, एवढाच संसार. संगणक धरून 15 यंत्रे जोडता येतात. केबलची एकूण लांबी जास्तीत जास्त 20 मीटर. आज यूएसबी व लॅनवर चालणारी यंत्रे आली आहेत, तरी जुन्या टेस्ट-बेंचवर ही केबल अजून आढळते.

त्यातील 16 तारांपैकी 8 माहितीच्या, 5 नियंत्रणाच्या आणि 3 हातमिळवणीच्या. या 3 तारांचे काम समजून घ्या. ज्या यंत्रांनी ऐकायचे ठरले आहे ती सर्व तयार झाल्याशिवाय माहिती दिली जात नाही, आणि त्यांतील सर्वांत मंद यंत्राने 'मिळाले' म्हटल्याशिवाय पुढची येत नाही. यंत्रांसाठी थांबण्याचा नियम आहे. मग पन्नाशीतल्या कर्मचाऱ्याला शिकायला वेळ देताना प्रशासनाची घाई का?

आमचा यंत्राला विरोध नाही. त्याने डोळ्यांचा ताण आणि नकलण्यातील चुका कमी होतात. परंतु इंटरफेस आकडा पोचवतो. तो खरा की खोटा हे त्याला कळत नाही. मीटरचे कॅलिब्रेशन बिघडलेले असेल, क्लिप सैल असेल, तर चुकीचा आकडाही सुबक छापून येतो. खाली सही मात्र कर्मचाऱ्याची! उद्या बिघाड झाला तर आरोपपत्र केबलला मिळत नाही.

म्हणून शाखांनी पुढील मागण्या लेखी मांडाव्यात :

1. यंत्र चालू करण्यापूर्वी, त्याच बेंचवरील कर्मचाऱ्यांना ड्यूटीच्या वेळेत प्रशिक्षण मिळावे.
2. कॅलिब्रेशनची तारीख यंत्रावर लावावी आणि ठरावीक नमुने हाताने पुन्हा तपासावेत.
3. ज्याची सही, त्याला शंका आल्यास चाचणी थांबवण्याचा अधिकार असावा.
4. वाचलेल्या वेळेचे निमित्त करून पदे सरेंडर करू नयेत.

नवे यंत्र खोक्यातून बाहेर निघण्यापूर्वी शाखेची बैठक घ्या. नंतर घेतलेल्या बैठकीत फक्त तक्रारीच उरतात.

कामगार एकजुटीचा विजय असो!