ल्वारच्या काठाने साठ किलोमीटर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाकडून ही अपेक्षा रास्तच आहे. पण मुदत ठेवींचे दर आपल्या कट्ट्यावरच्या मंडळींना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. त्यामुळे त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला. मागच्या वर्षी मे महिन्यात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी आणि सौ. फ्रान्समध्ये तीन दिवस सायकलवर फिरलो. त्याबद्दल बोलणार आहे. शेवटी आपल्या सोसायटीसंबंधी एक कबुलीही द्यायची आहे, तेव्हा चहाची घाई करू नका.

आमची लेक पॅरिसजवळ असते. दर खेपेला ती आम्हाला बसमध्ये घालून काहीतरी दाखवायची. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. या वेळी ती म्हणाली, “बाबा, तुम्ही पुण्यात बँकेत सायकलने जायचात ना? चला मग.” मी जायचो हे खरे आहे. १९७४ साली नोकरी लागली तेव्हा शाखेच्या मागे सायकलींची रांग असायची आणि साहेबांचीही त्यातच. पुढे स्कूटर आली, मग गाडी आली. सौ. तर लग्नाआधी मिरजेत सायकलवर शाळेत शिकवायला जायची, त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षे तिने हँडलला हात लावलेला नव्हता. त्यात तिचे गुडघे. डॉक्टर म्हणाले, “जिने टाळा, सायकल चालेल.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून गाडीत बसलो. दीडएक तासात ब्ल्वा नावाचे गाव येते. ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, साधारण हजार किलोमीटरची, आणि ब्ल्वा तिच्या काठावर आहे. आपल्याकडे घाटमाथ्यावर जसे किल्ले, तसे या नदीच्या खोऱ्यात राजेरजवाड्यांचे वाडे. पण फरक आहे. आपले किल्ले लढायचे, यांचे बहुतेक राहायचे आणि मिरवायचे. २००० साली या खोऱ्याचा मोठा पट्टा युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. नदीच्या काठाकाठाने ‘ल्वार आ व्हेलो’ नावाचा सायकलमार्ग आहे, सुमारे नऊशे किलोमीटरचा. व्हेलो म्हणजे सायकल. हाच मार्ग पुढे अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या युरोपीय मार्गाचा भाग होतो. आम्ही त्यातले किती केले ते शीर्षकात लिहिलेच आहे, आणि त्यातलेही निम्मेअधिक मार्ग सोडून जंगलात!

ब्ल्वामध्ये एक उंच जिना आहे आणि जिन्याच्या वर एक पुतळा. सौ. अर्थातच खाली थांबली. मी वर जाऊन पाटी वाचली तर दनी पापँ! या भागात १६४७ साली जन्मलेला हा गृहस्थ म्हणजे प्रेशर कुकरचा मूळपुरुष. १६७९ साली त्याने घट्ट झाकणाचे, वाफ कोंडणारे भांडे केले आणि ते फुटू नये म्हणून त्याला सुरक्षेची झडप बसवली. खाली येऊन सौ.ला सांगितले तर तिने खालूनच हात जोडले. राजांच्या वाड्यांपुढे तिने हात जोडलेले मला काही दिसले नाहीत.

सायकली भाड्याने घेतल्या, बॅटरीच्या. याविषयी आपल्याकडे गैरसमज आहे की ती म्हणजे मोपेड. तसे नाही. तिथल्या नियमाप्रमाणे तुम्ही पायडल मारलेत तरच मोटर मदत करते, पाय थांबले की तीही थांबते. आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर ती मदत करतच नाही. आमचा वेग बघता या शेवटच्या अटीची आम्हाला कधी अडचण आली नाही.

पूल ओलांडून पलीकडच्या तीराने निघालो. नदीला मातीचे उंच बांध घातलेले आहेत, काही फार जुने, आणि रस्ता बऱ्याच ठिकाणी त्या बांधावरून जातो. एका बाजूला वाळूची बेटे आणि पाणी, दुसऱ्या बाजूला शेते आणि पांढऱ्या दगडाची घरे. काही घरांच्या भिंतींवर पुराच्या रेषा कोरलेल्या, शेजारी साल: १८४६, १८५६, १८६६. दहा-दहा वर्षांनी तीन महापूर. मी तिथे जरा जास्तच वेळ थांबलो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या वाड्याच्या भिंतीवर वडिलांनी कोळशाने अशीच रेघ ओढली होती. पुढे वाडा पडला, इमारत झाली, रेघ गेली.

आता ‘मोटारमुक्त’ म्हणतात त्याबद्दल खरे सांगतो. सगळा रस्ता मोटारमुक्त नाही. जंगलातली आणि नदीकाठची बरीचशी वाट फक्त पायी आणि सायकलींसाठी आहे, पण मधेमधे गावांचे छोटे डांबरी रस्ते लागतात आणि तिथे मोटारी येतात. अशाच एका रस्त्यावर, निघाल्यापासून दहाएक किलोमीटरवर, सौ. पडली. चालत्या सायकलवरून नाही, थांबताना. बॅटरीची सायकल जड असते, ती कलली की आवरत नाही. कोपर खरचटले, सलवार फाटली, चेन उतरली. आणि नेमकी मागून एक गाडी आली. माझ्या पोटात गोळा आला. आता हा हॉर्न वाजवणार, आम्हाला घाईघाईने बाजूला व्हावे लागणार. पण गाडी थांबली. हॉर्न नाही, काही नाही. मिनिटभराने त्यातून एक माणूस उतरला, त्याने सायकल उभी केली, चेन चढवली, गवताला हात पुसले आणि ‘बॉन रूत’ म्हणून, म्हणजे प्रवास चांगला होवो म्हणून, निघून गेला. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचे असा तिथे कायदा आहे, हे लेकीने नंतर सांगितले. चेन चढवून द्यायचा मात्र कायदा नाही.

सौ. बांधावर बसली आणि म्हणाली, “मला परत जायचंय.” आम्ही दोघे गप्प. पाच मिनिटांनी तिनेच विचारले, “परत किती आहे?” दहा. “आणि पुढे?” आठ-नऊ. “मग पुढेच जाऊ.” बँकेत असतो तर म्हणालो असतो की अर्जदाराने निर्णय गुणवत्तेवर घेतला.

सँ-दिये नावाच्या छोट्या गावात नदीकाठी बसून जेवलो. जेवलो म्हणजे काय, हॉटेलचे स्वयंपाकघर दोनला बंद झालेले, सोमवार म्हणून बेकरीही बंद. फ्रेंच माणूस जेवणाची वेळ फार पाळतो आणि तुम्ही ती चुकवलीत तर उपाशी ठेवतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती म्हणून निभावले. शांबोरचा वाडा बांधताना दगड याच धक्क्यावर होड्यांतून उतरवत आणि पुढे गाड्यांनी नेत.

तिथून आत वळले की जंगलाची भिंत लागते. शांबोरच्या जंगलाला दगडी कुंपण आहे, बत्तीस किलोमीटर लांबीचे! आत साडेपाच हजार हेक्टरच्या आसपास रान, म्हणजे सुमारे साडेतेरा हजार एकर. ओक, पाइन, खाली नेच्यांचा गालिचा. मोठा भाग हरणे आणि रानडुकरांसाठी राखून ठेवलेला, माणसांना तिथे मज्जाव. जी वाट मोकळी आहे तिच्यावर फक्त चाकांचा आवाज आणि कक्कू पक्ष्याची हाक. भिंतीवरच्या घड्याळात असते ना, तीच. मला ती हाक घड्याळवाल्यांनीच शोधून काढली असे वाटायचे. लेक पुढे, सौ. मधे, मी मागे. अर्धा तास कोणी बोलले नाही. आमच्या घरात हे फार क्वचित घडते.

आणि झाडी संपली की समोर तो वाडा. १५१९ साली पहिल्या फ्रान्स्वा राजाने सुरू केलेला. चारशेच्या वर खोल्या, २८२ शेकोट्या. आणि राजा तिथे आयुष्यात सगळे दिवस मिळून तीन महिनेसुद्धा राहिला नाही. शिकारीचा शौक. माझ्या मनात लगेच ‘अनुत्पादक मालमत्ता’ हा शब्द आला, सवय जात नाही. पण मधला जिना पाहिला आणि गप्प बसलो. एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने. एकाने मी चढलो, दुसऱ्याने लेक. मधल्या पोकळ खांबाच्या खिडक्यांतून आम्ही एकमेकांना दिसत होतो, पण वर पोचेपर्यंत भेट नाही. सौ. खाली बाकावर बसून दोघांकडे बघत होती. डॉक्टरांचे वाक्य आठवते ना? नंतर ती म्हणाली, “तुम्ही दोघं दहावीच्या वर्षी असेच होतात. घरात एकमेकांना दिसायचात, बोलायचा नाहीत.” खरे आहे. लेकीला शाखा कोणती घ्यायची यावरून आमचे वर्षभर बिनसले होते.

या जिन्याची कल्पना लिओनार्दो दा व्हिंचीची असावी असे म्हणतात. कागदोपत्री पुरावा नाही, तेव्हा मी सही करणार नाही. पण १५१६ मध्ये राजाच्या बोलावण्यावरून तो जवळच्या आंब्वाझ गावी राहायला आला, मोनालिसा बरोबर घेऊन, आणि १५१९ च्या मे महिन्यात तिथेच वारला, हे नक्की. चारशे वीस वर्षांनी, १९३९ मध्ये युद्धाच्या भीतीने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली चित्रे हलवली तेव्हा तीच मोनालिसा पेटीत बंद होऊन आधी या शांबोरला आली. राजा राहिला नाही, पण निदान तारण ठेवायला वाडा उपयोगी पडला.

मुक्काम ब्रासिय गावात केला. सोळाव्या शतकातला लाकडी मंडईचा मांडव अजून उभा आहे. तिथे बकरीच्या दुधाचे राखेत घोळवलेले चीज मिळाले. सौ.ने राख पुसून खाल्ले. रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता.

दुसरा दिवस शव्हेर्नीचा. एकाच घराण्याकडे सहाशे वर्षांहून अधिक काळ असलेली ही जागा आणि त्यातला देखणा वाडा. शिकारी कुत्र्यांचा शंभरेकांचा तांडा ते अजून बाळगून आहेत. टिनटिनच्या गोष्टींतला कॅप्टन हॅडॉकचा वाडा चित्रकार एर्जेने याच वाड्यावरून काढला, बाजूचे दोन भाग गाळून. नातवाला फोटो पाठवला तर त्याचे उत्तर आले, “आजोबा, तुम्ही खरंच तिथे आहात?” मी वीस वर्षे शाखाधिकारी होतो, तेव्हाही माझ्याविषयी एवढा आदर कोणी दाखवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाऊस. भिजत, जंगलातूनच ब्ल्वाला परत. शनोन्सो, म्हणजे नदीवर पुलासारखा बांधलेला वाडा, राहून गेला. तीन दिवसांत साठ किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे मोटारीने हे अंतर दीड तासाचे. पण मोटारीने गेलो असतो तर भिंतीवरची १८५६ ची रेघ दिसली नसती.

आता कबुली. आपल्या बी विंगच्या खाली सायकल स्टँड होता, जुन्या सभासदांना आठवत असेल. २०११ च्या वार्षिक सभेत तो काढून तिथे चार मोटारींची जागा करावी असा ठराव आला. मी तेव्हा खजिनदार. ठराव मांडणारा मीच होतो. ‘जागेचा अधिक किफायतशीर वापर’ असे शब्द मीच लिहिले होते, इतिवृत्तात आहेत. एकट्या शाळामास्तरीणबाई विरोधात बोलल्या की मुलांनी सायकली ठेवायच्या कुठे. मी त्यांना म्हणालो होतो की हल्ली सायकल चालवतो कोण. त्या आज हयात नाहीत, नाहीतर हे त्यांच्यासमोर बोललो असतो. चारांपैकी एक जागा चिठ्ठीने मलाच मिळाली. तेव्हापासून मुलांच्या सायकली जिन्याखाली एकमेकींत अडकून पडतात, आणि त्यावर ‘त्वरित हलवाव्यात’ अशी सूचना दोनदा मीच लावली आहे.

गाडी मी दिवाळीत विकली. जागा मोकळी आहे. ती परत घेऊन तिथे पुन्हा सायकल स्टँड करावा असे पत्र मी कालच समितीला दिले आहे, पोचही घेतली आहे. मी टेप घेऊन मोजले, दहा सायकली आरामात मावतात. सौ. म्हणते तिरप्या लावल्या तर बारा. तिच्या आकड्यात तिची स्वतःचीही धरलेली आहे.