जागलीचा हिशेब परिसंवादात मांडू या

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



विद्यापीठांत पर्यावरण, शाश्वत शेती, माणूस आणि वन्यप्राणी यांचे सहजीवन अशा विषयांवर परिसंवाद भरतात. आम्हीही जातो. शेतकीची पदवी आम्ही अशाच सभागृहांत बसून घेतली. पडद्यावर वाघ दिसतो, जंगल दिसते. धुऱ्यावर शेकोटी पेटवून, डबा वाजवत रात्र काढणारा माणूस मात्र दिसत नाही.

सहजीवनाला आमचा विरोध नाही. पाखरांनी चार कणसे खाल्ली म्हणून आपल्या बापजाद्यांनी कधी आरडाओरड केली नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : या सहजीवनाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो?

ज्वारीचेच पाहा. ज्वारी एकट्या रानडुकराने घालवली, असे आम्ही म्हणणार नाही. भाव मिळाला नाही. 1964 साली सीएसएच-1 हा संकरित वाण आला, उतारा वाढला. पण लवकर येणारे कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडायचा. एवढे सोसूनही ज्यांनी ज्वारी पेरली, त्यांतल्या कितीतरी जणांनी जागल झेपेना म्हणून ती सोडली. ज्वारी गेली, कडबा गेला. कडबा गेला, बैल विकले. बैल गेले, शेणखत संपले. आता तेच सभागृह आपल्याला सांगते, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढवा! वाढवू, पण कशाने?

तरीही परिसंवादांकडे पाठ फिरवू नका. त्यांतूनच आपल्या कामाची हत्यारे मिळतात. ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. जंगलापासूनच्या अंतराप्रमाणे प्रत्यक्ष पिकलेले धान्य मोजले. नुसत्या नजरेने दिसते त्याहून खरा तोटा मोठा निघाला. पंचनाम्यात खाल्लेली झाडे येतात. भीतीपोटी न पेरलेले वावर, हात आखडून टाकलेले खत आणि जागलीच्या रात्री येत नाहीत.

आणखी एक गोष्ट. रोही दाट जंगलातला प्राणी नाही. झुडपी रान, नाल्याचा काठ, पडीक जमीन हे त्याचे घर. म्हणून जंगल कोसभर दूर असले तरी आपला हरभरा आणि पऱ्हाटीचे कोवळे शेंडे सुटत नाहीत. ‘जंगलालगतची गावे’ एवढीच यादी करणाऱ्यांना हे ठणकावून सांगा.

आता आपल्या घरचे बोलू. तारेत घरच्या लाइनचा करंट सोडू नका. सौर कुंपणाचा झटका क्षणाचा असतो, जनावर दचकून मागे फिरते. लाइनचा करंट धरून ठेवतो. त्यात रोही मरतो, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो. ज्या तारेने शेजाऱ्याच्या घरी सुतक येईल, तिचे समर्थन ही चळवळ करणार नाही. कुंपण एकट्याने घातले तर कळप शेजाऱ्याच्या वावरात शिरतो. म्हणून शिवाराचे सामूहिक कुंपण मागा.

वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान खरीप 2026 पासून पीकविम्यात घेण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. त्यासाठी 72 तासांच्या आत फोटोसह कळवावे लागते. आपला जिल्हा आणि आपले पीक राज्याच्या यादीत आहे का, हे पेरणीआधीच तालुक्याला विचारा.

शेवटचे काम सोपे आहे. घरात एक वही ठेवा. तारीख, गट नंबर, पीक, जनावर, किती नुकसान, जागलीच्या किती रात्री, हे सारे लिहा. जनावरांच्या भीतीने कोणते पीक सोडले, तेही लिहा. लिहिता न येणाऱ्यांची वही शाळेतल्या पोराने लिहावी. गावोगावच्या वह्या पुढच्या मेळाव्यात आणा. पुढच्या परिसंवादाला आम्ही त्या घेऊन जाऊ, आणि सोबत जागल करणारे चार जण येतील. बोलतील तेच, आम्ही मागच्या बाकावर बसू.